मोठ्या आईची आंघोळ आणि माझं पत्रक

मला अक्षरं आली ती पत्रकांवरून. बाबांच्या कापडी पिशवीत ती कायम असत, गुलाबी, पिवळी, बोटाला शाई लागणारी. विहारातल्या सभेनंतर उरलेली मी घरी आणायचे आणि ओट्यावर उभी राहून मोठ्यानं वाचायचे. 'जाहीर निषेध' मला शाळेत जायच्या आधी वाचता येत होतं. जगात जे चुकतं ते कुणीतरी मुद्दाम करतं आणि छापून वाटलं की ते थांबतं, असं मी मानून चालले होते. गेल्या पावसाळ्यापर्यंत.

मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, तिनं जन्मभर दुसऱ्यांची रोवणी केली. रोवणीतच तिच्या तळपायात काहीतरी रुतलं. साखरेचा आजार होताच. जखम चिघळली आणि तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं. दिवसभर सोबत मी.

ती आंघोळ घालू देईना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अंग स्वच्छ राहिलं पाहिजे. जखम वर चढली तर पाय जाईल." मी तिला समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. ती नुसती पदर ओढून घ्यायची.

शेजारच्या खाटेवरची बाई एकदा म्हणाली, "खिडकी उघडा वं बाई, श्वास नाही घेता येऊन राहिला."

मोठी आई लगेच म्हणाली, "तुले वास येते तं तुजं नाक घरी ठेवून ये."

सगळा वॉर्ड हसला. मी हसले नाही. मला तो वास येत होता, आणि मला त्याची लाज वाटत होती. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

वॉर्डाची सिस्टर पन्नाशी ओलांडलेली होती, गावाकडच्या शेतकरी, जमीनवाल्या घरातली. सकाळी बादली घेऊन ती बाकीच्या बायकांचं अंग पुसून द्यायची. मोठ्या आईच्या खाटेपाशी आली की मात्र कोमट पाण्याचा वाडगा आणि फडकं स्टुलावर ठेवायची, दोन पावलं मागे सरायची आणि पाठ फिरवून उभी राहायची. दुपारी मी घरून आणलेला डबा उघडला की यायची, मोठ्या आईच्या ताटलीतूनच भाताचा घास उचलायची आणि म्हणायची, "आज मीठ कमी हाय का हो, बाई?"

मी पाहत होते. लांबून ठेवलेलं पाणी. अंगाला न लागणारा हात. हे चित्र मी लहानपणापासून पिवळ्या कागदावर वाचत आले होते. आणि वर गरिबाच्या डब्यातला घास! सिस्टरला मी एकदाही काही विचारलं नाही. मोठ्या आईलाही नाही. मी लिहायला बसले.

एका बैठकीत पत्रक झालं. 'नऊ दिवस पाण्याविना!' असा मथळा. खाली, वृद्ध दलित महिलेला जातीमुळे स्पर्श नाकारला जातो, तिच्या अंगाला दुर्गंधी सुटली आहे, आणि कर्मचारी रुग्णांच्या डब्यातलं अन्न ओरबाडतात. कुणाचंही नाव घातलं नाही, याचा मला अभिमान होता. बसस्टँडवर वाटलं, दवाखान्याच्या फाटकावर वाटलं, मोठ्या आईच्या गावातही पोचवलं.

परिणाम झाला. दुसऱ्याच दिवशी झाला. सिस्टरला पुरुषांच्या वॉर्डात टाकलं. दवाखान्याच्या साहेबांनी हुकूम सोडला, म्हातारीला आत्ताच्या आत्ता आंघोळ घाला. दोन बायका चाकाची खुर्ची घेऊन आल्या. "चलो अम्मा, साहब का ऑर्डर है." मोठी आई खाटेच्या दांडीला धरून बसली. त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. न्हाणीच्या दाराला कडी नव्हती. मी बाहेर उभी होते आणि आतून ती ओरडत होती, "नोको वं माय, नोको, मी धुतो ना, मीच धुतो!" आंघोळ झाली आहे याचा पुरावा म्हणून तिच्या ओल्या केसांसकट तिचा फोटो काढला गेला.

संध्याकाळी गावातला एक नातेवाईक भेटायला आला. त्यानं कौतुकानं पत्रक काढलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"हे तू लिहिलंस?" तिनं मला विचारलं.

"हो."

"कायले? मी वास मारतो, हे साऱ्या गावाले कायले सांगतलंस?"

माझ्याकडे 'व्यवस्था' होती, 'लढा' होता. मी पत्रक घेऊन त्याची घडी घातली. मग भिंतीकडे तोंड करून ती तुटक तुटक बोलली. तरुणपणी ज्यांच्या बांधीत ती जायची त्यांच्या घरच्या बाईला एकदा हिचा धक्का लागला होता. त्या बाईनं तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर डोक्यावरून पाणी घेतलं. "ही सिस्टरबी तसल्याच घरची. मले हात लावल, मंग घरी जाऊन आंग धुवल. माह्यापायी कोणी आंग धुवावं, मले नाही पाहवत." पुढे म्हणाली, "पण ते माह्या ताटातलं खाऊन राहिली होती. रोज. मी पाहत होतो, खरंच गिळते का. गिळत होती. हात तं मी पुसाले देऊन देल्लो होतो तिले. मानबी."

मला हे दिसलं नव्हतं. मी नऊ दिवस त्याच खाटेजवळ बसले होते.

त्यानंतर तिनं अंगाला काय, जखमेलाही कुणाला हात लावू दिला नाही. ड्रेसिंगवाला आला की पाय चादरीत घ्यायची. पुढच्या आठवड्यात पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे. असेलही.

मी पुरुषांच्या वॉर्डात गेले. सिस्टर एका म्हाताऱ्याची नखं कापत होती. मी माफी मागितली. तिनं मान वर केली नाही.

"पहिल्या दिवशी माझा हात लागला तर मला म्हणाल्या, बाई, तुम्हाला पुन्हा आंघोळ करावी लागंल. मी कितीही नाही म्हटलं तरी त्यांना पटणार होतं का? म्हणून मी पाणी ठेवून मागे सरत होती, आणि त्यांच्या ताटातलं जेवत होती." मग म्हणाली, "तू एवढी शिकलेली पोरगी. मला एकदा विचारायचं तरी."

साहेबांना मी लेखी दिलं की माझं चुकलं. चार ओळी, त्यांच्या फाइलीत गेल्या. छापलं मात्र नाही. खुलासा छापला तर मोठ्या आईचं अंग पुन्हा चव्हाट्यावर येईल, असं मी सांगते. ते खरं आहे. बसस्टँडवर उभं राहून स्वतःची चूक वाटायची माझी हिंमत झाली नाही, हेही खरं आहे.

ड्यूटी संपल्यावर सिस्टर घरी जायच्या आधी मोठ्या आईकडे येऊ लागली. बसायची, भावकीच्या लग्नाच्या गप्पा करायची, पाण्याचं नाव काढायची नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी मोठ्या आईनं चादरीतून पाय बाहेर काढून तिच्या मांडीजवळ ठेवला. सिस्टरनं मला पाणी आणायला सांगितलं. मी आणलं, फडकं पिळलं आणि हात पुढे केला.

"तू नाही," मोठी आई म्हणाली. "तू बाहेर जाय."

मी बाहेर गेले.