भिंती धुणाऱ्या सुनंदावहिनी

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारंज्याच्या बाजारात रंगाचे डबे जीपमध्ये भरत होतो. "काका, आई गेली..." पुतण्या एवढंच बोलू शकला. डबे तिथंच ठेवून आमच्या गावी, कामरगावला निघालो. त्याला आता महिना उलटून गेला. इतके दिवस लिहू की नको असं चाललं होतं, कारण लिहायचं तर सगळंच लिहावं लागणार होतं.

सुनंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, देवगडकडच्या. समुद्राकाठच्या त्यांच्या माहेरी खारी हवा आणि पाऊस मिळून भिंती काळ्या-हिरव्या करून टाकतात. पावसाळा सरला की त्यांचा भाऊ प्रेशरच्या पंपानं लोकांची घरं धुऊन द्यायचा आणि लग्नाआधी वहिनी त्याच्या बरोबरीनं नळी धरायच्या. आमच्याकडची रीत निराळी. दिवाळी आली की शेवाळावरच रंग मारायचा, आणि पुढच्या पावसात पापुद्रे सुटले की रंगाला शिव्या देत नवा डबा आणायचा. माझं रंगाचं दुकान त्या रीतीवरच चालायचं.

दादाचा पाय अधू झाला, शेत दुसऱ्याला वाट्यानं द्यावं लागलं. ट्रॅक्टर धुवायचा पंप तेवढा घरात पडून होता. वहिनींनी तो बाहेर काढला आणि भिंती धुवायचं काम घ्यायचं ठरवलं. पहिलं घर जवळच्या धनज गावातल्या एका पाटलांचं, दुमजली. ते बिघडलं असतं तर पुन्हा कोणी त्यांना दारात उभं केलं नसतं, आणि दादाच्या घरात दुसरी धड मिळकत नव्हती. हे ठाऊक असून मी आदल्या दिवशी पाटलांना सांगून आलो, "पाण्याच्या जोरानं प्लास्टर उखडते, पाहा बरं..." सख्ख्या वहिनीचं काम मोडायला गेलो होतो मी.

सकाळी पाटलांनी त्यांना अंगणातच अडवलं. "बाई, तुमच्याच दिरानं सांगतलं, भिंत खराब होते म्हून." मी कुंपणापाशीच उभा होतो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मागची न्हाणीची भिंत द्या. ती बिघडली तर मी आल्या पावली परत जाते."

आधी भिंत भिजवली. साबणाचं पाणी खालून वर चढवलं, ते मुरू दिलं, मग हातभर लांब राहून वरून खाली धार सोडली. तोवर बघे जमले होते.

"काहून वो सुनंदाबाई, गावातल्या म्हशी संपल्या काय धुवाच्या?" एकानं टोमणा मारला.

"तुम्ही राहिलात ना! या, उभे राहा पुढे," वहिनी धार न थांबवता म्हणाल्या. हशा त्याच्यावरच उलटला.

काळं पाणी ओघळत गेलं आणि आतून फिकट गुलाबी रंग निघाला. पाटलीणबाई पुढे आल्या, ओल्या भिंतीवरून हात फिरवला. "अवो, हा त माह्या लग्नातला रंग हाय!" मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "पाह्यता काय? सारं घर धुऊन घ्या!"

उन्हं कलताना ते घर असं झळकत होतं की येणाऱ्या-जाणाऱ्या जीपा थांबत होत्या. वहिनी चिंब भिजलेल्या, तशाच माझ्या दुकानात आल्या. मी मान खाली घातली. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "मी धुतलेल्या भिंतीवर एकदा तुमचा रंग मारून बघा. टिकला नाही तर मग बोला."

टिकला. पावसाळ्यामागून पावसाळे टिकला. माझ्या दुकानाचं नाव झालं ते त्यांच्यामुळं. दादाचं घर त्यांनी उभं केलं, पोरं शिकवली, पार कारंज्यापर्यंत घरं धुतली... आणि मी मात्र माफी मागायची आज-उद्यावर ढकलत राहिलो.

परवा माझ्याच घराला रंग द्यायला गावातला रंगारी बोलावला. डबा समोर ठेवला तर तो हातच लावेना. "भिंत धुतली काय?"

"अरे, यंदा राहू दे. चालते."

"तुमचं चालत असन. आमी धुतल्याबिगर डबा उघडत नाई. वहिनींनी समद्या रंगाऱ्यांले शपथ घालून ठेवली हाय."

गावचा रंगाचा दुकानदार मी, आणि माझ्याच दारात माझा डबा उघडेना. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच मला मोठ्यानं हसू आलं. धोतर खोचलं आणि म्हटलं, "थांब. दादाकडून पंप घेऊन येतो."