मानाच्या पेट्यांची यादी

मी काँप्युटर शिकवायला लागलो तेव्हा मला तो धड येत नव्हता, ही पहिली कबुली. साल अठ्ठ्याण्णव. डिप्लोमा पदरात होता, नोकरी नव्हती, आणि रत्नागिरीत नव्याने निघालेल्या एका क्लासला शिकवायला कुणीतरी हवं होतं. मशीन चार, विद्यार्थी वीस. चपला बाहेर काढायच्या आणि आत एसीत कुडकुडत बसायचं. मी सकाळी फॉक्सप्रो या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या पुस्तकातला एक धडा वाचायचो आणि अकराच्या बॅचला तोच शिकवायचो. कुणी पुढचं विचारलं की "ते उद्या" म्हणायचो आणि दुपारी डबा खाता खाता शोधून काढायचो. त्या 'उद्या'च्या धाकानेच मी प्रोग्रॅमिंग शिकलो.

वर्षभराने एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी बोलावणं धाडलं. ते पावसचे आंबा बागायतदार, सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंनी हौसेने काँप्युटर घेतला होता आणि तो ओटीवर क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवला होता. त्याचं करायचं काय, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आंब्याच्या पेट्यांवर चिकटवायची पत्त्यांची लेबलं त्यातून छापून देता येतील का, असं त्यांनी विचारलं. मी ताबडतोब "हो" म्हणालो. कशी, ते उद्या.

तोवर हे काम दिवाणजींकडे होतं. साठीचे, सडपातळ, कानाला पेन्सिल. पेट्यांवर ते ब्रशने पत्ते रंगवायचे, तेही यादी न बघता. पहिल्या तोडीच्या सत्तरेक पेट्या विकायच्या नसत, त्या मानाच्या. भाऊंच्या वडिलांना ज्यांनी कधी मदत केली ते डॉक्टर, वकील, मास्तर आणि आता त्यांची मुलंबाळं यांना त्या दरवर्षी जायच्या. एखाद्याची पेटी चुकली तर तो माणूस पत्र लिहून विचारत नसे, तो गप्प होई. आणि ते जास्त वाईट. पंचवीस वर्षांत दिवाणजींची एकही पेटी चुकली नव्हती.

ओटीवर बसून त्यांनी मला यादी सांगितली.

"लिही मास्तर. गिरगावातली चाळ. तिघे चुलतभाऊ. तिघांनाही आजोबांचंच नाव."

"तिघांना एकच नाव?"

"आजोबा एक, तर नावं तीन कुठून आणायची, मेल्या? वडिलांची नावं वेगळी आहेत ना! एक तळमजल्यावरचा, एक दाढीवाला, एक कोर्टातला."

मी तिघांनाही लिहून घेतलं, पत्ता तिघांचा एकच, चाळीचा. पण छापून बघताना लेबल अरुंद निघालं. मधलं वडिलांचं नाव मावेना. मी ते सरळ उडवलं. शिवाय दिवाणजींनी बोलण्याच्या भरात काही लोक दोनदा सांगितले होते, म्हणून मी प्रोग्रॅममध्ये चार ओळी लिहिल्या की नाव, आडनाव आणि पत्ता सारखा दिसला तर एकच नोंद ठेवायची. त्या चार ओळी पहिल्या फटक्यात चालल्या. पावसहून परतताना एसटीत मी स्वतःशीच हसत होतो.

त्या मोसमात प्रिंटर करकरत लेबलं ओकू लागला आणि दिवाणजींनी आयुष्यात पहिल्यांदा पेट्या लेबलांच्या हिशेबाने भरल्या. छापील अक्षरावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

मे महिन्यात भाऊंचा मुंबईला फोन झाला, तेव्हा तळमजल्यावरचे फार तुटक बोलले. खोदून विचारल्यावर म्हणाले, "आमचं काही चुकलं असेल तर सांगा." पेटी आलीच नव्हती. दाढीवाल्यांकडेही नाही. कोर्टातल्यांकडे तेवढी पोचली होती.

मी त्या दिवशी तिथेच होतो, प्रिंटरची रिबन बदलत. ऐकताक्षणी मला कळलं. माझ्या त्या चार ओळींनी तिघांचा एक केला होता.

"दिवाणजी," भाऊ म्हणाले, "मास्तरांना तिन्ही नावं सांगितली होतीत ना?"

"सांगितली की." मग ते थांबले. "सांगितली असणार... का एकच सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याच आठवड्यात भाऊ माझं नाव आणखी दोन बागायतदारांना सुचवणार होते, आणि पुण्यातल्या एका कंपनीकडे पाठवलेल्या अर्जात या प्रोग्रॅमची फुशारकी होती. मी रिबनकडे बघत म्हणालो, "मला एकच आठवतंय."

"वय झालं तुमचं," भाऊ मायेने म्हणाले. मायेने म्हणाले, म्हणूनच ते जास्त लागलं असणार. पुढे दिवाणजी काहीही सांगू लागले की भाऊ ते आणखी कुणाला तरी विचारून घेऊ लागले.

चूक मी गुपचूप दुरुस्त केली. प्रत्येक माणसाला एक वेगळा नंबर दिला, म्हणजे नाव कितीही सारखं असो, माणूस हरवणार नाही. पुस्तकात हे तिसऱ्या धड्यात होतं आणि मी ते दोन बॅचना शिकवलंही होतं. सातआठ महिन्यांनी पुण्याच्या मुलाखतीत मला विचारलं, "दोन ग्राहकांचा नाव-पत्ता सारखा असला तर?" मी इतकं सविस्तर उत्तर दिलं की साहेब खूश झाले. नोकरी मिळाली.

निघायच्या आधी मी पावसला गेलो. आंब्याचा पुढचा मोसम तोंडावर होता. दिवाणजी अंगणात पेट्यांसाठी पेंढा सुटा करत बसले होते. यादी आता त्यांच्याकडे नव्हती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी हातातला पेंढा खाली ठेवला.

"म्हणजे मी तिघांची सांगितली होती."

"हो."

"वर्षभर रोज सकाळी भिजवलेले बदाम खातोय मी. बायको डोक्याला ब्राह्मीचं तेल थापते. बाजारात निघालो की सामान दोनदा म्हणून दाखवायला लावते, बालवाडीतल्या पोरासारखं. आणि तू आत्ता सांगतोस?"

"चुकलं माझं."

"चुकतं रे. चुकलं ते सोड. वर्ष कुठून आणून देशील?" ते उठले. "मला नको सांगू. आत चल. त्यांना सांग."

भाऊंना सांगताना माझे कान तापले. भाऊ आधी माझ्यावर चिडले, मग ओशाळले, मग "अहो दिवाणजी, जाऊ दे ना, झालं ते झालं" म्हणून हसू लागले. दिवाणजी हसले नाहीत.

"लाव तो काँप्युटर," ते मला म्हणाले. "मी नावं म्हणतो, तू बघ."

मी रुमाल काढला, यादी उघडली. दिवाणजींनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आधी गिरगाव, तिघे चुलतभाऊ, वडिलांच्या नावांसकट. मग दादर, ठाणे, पुणे. माणसं चाळीप्रमाणे, जिन्याप्रमाणे येत होती. अमक्याचा मेहुणा, तमक्याच्या वरच्या मजल्यावरचा. मी स्क्रीनवर बोट सरकवत होतो. मधे दोनदा ते अडखळले आणि पुन्हा सावरले. भाऊ दाराला टेकून ऐकत होते.

"संपलं," दिवाणजी म्हणाले आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहू लागले.

एक नाव राहिलं होतं. पुण्याच्या एका निवृत्त हेडमास्तरीणबाईंचं. खरोखरच राहिलं होतं, मी दोनदा पाहिलं. पंचवीस वर्षं न चुकलेला माणूस, आणि त्याला वर्षभर सगळ्यांनी सांगितलेलं की तू विसरतोस.

"सगळी बरोबर," मी म्हणालो.

भाऊ पुढे आले आणि म्हणाले, "दिवाणजी, यंदा यादी तुम्हीच बघा. मी मधे येणार नाही." दिवाणजींनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा नीट खोचली आणि चहा सांगायला आत गेले. चालताना त्यांची मान ताठ होती.

ते आत असताना मी हेडमास्तरीणबाईंचं लेबल छापलं आणि भाऊंच्या मुलीच्या, माझ्या त्या विद्यार्थिनीच्या, हातात ठेवलं. ही पेटी तेवढी न बोलता गाडीत चढव, असं तिला सांगितलं. तिने एकदा लेबलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि ते वहीत सरकवलं.