कोऱ्या चहातली हिराकस

गल्लीत त्याला सगळे शाईदादा म्हणत, कारण चाळीस वर्षं कपडे काळे रंगवून त्याची नखं कायमची काळी पडली होती. साबण तुमच्यावर फुकट जातो, असं बायको म्हणायची. पण कामात गडी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. रीत साधी. कापड आधी झाडाच्या सालीच्या तुरट काढ्यात भिजवायचं, मग हिराकशीच्या पाण्यात बुडवायचं. हिराकस म्हणजे लोखंडाचं मीठच, हिरवट खडे, उघडे राहिले की गंजल्यासारखे पिवळे पडणारे. हात सैल सुटला तर ती कापड खाऊन टाकते. बेतानं घातली तर डोळ्यांदेखत काळाकुळकुळीत रंग चढतो. एकदा बसला की सुटायचा नाही, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. आणि ते खरंही होतं.

तर अशा माणसाची बायको आजारी पडली. पोटात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ काढता येईल, पण अंगात रक्त कुठाय? साडेसहावर आलंय, दहापर्यंत चढल्याशिवाय मी हात लावणार नाही. तिच्या गटाचं रक्त तर मिळता मिळेना. मग तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. त्यात काय असतं, हे औषधवाल्यानं समजावलं आणि शाईदादा दुकानातच हसला. अहो, ही तर आपली हिराकस! जिच्यावर जन्म काढला तीच आता घरधनिणीला वाचवणार, म्हणून त्याला कोण आनंद! रांगेतल्या अनोळखी माणसांनाही त्यानं धरून धरून ते सांगितलं.

पण गोळी तिच्या घशाखाली उतरेना. पाण्याबरोबर दिली की उलटी. आता ज्यानं उभा जन्म हिराकस विरघळवली, तो एवढ्यावर हार मानेल होय? त्यानं गोळी कुटली आणि तिच्या आवडीच्या कडक कोऱ्या चहात टाकली. चहा बघता बघता काळा झाला. त्याला त्यात वावगं काहीच वाटलं नाही, उलट ओळखीचं कुणी घरी आल्यासारखं बरं वाटलं. वर भरपूर साखर घातली. तिनं नाक दाबून तो पिऊन टाकला, आणि उलटी झाली नाही! तेव्हापासून रोज दोन वेळा हाच क्रम. ती कपात डोकावून चेष्टेनं विचारायची, चढला का रंग? हा म्हणायचा, चढला. एक वेळ चुकवली नाही त्यानं.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. सहा. गाठ मात्र वाढून भलतीकडेच पसरली होती. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. गोळ्या नीट घेतात ना, असं त्यांनी विचारलं, तसं शाईदादानं अगदी कौतुकानं आपली युक्ती सांगितली.

बाईंनी तपासणीचा कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काका, चहा तुरट असतो. लोखंड त्याच्याशीच बांधलं जातं. मग ते रक्तात जात नाही."

"एकदा बसलं की सुटत नाही," शाईदादा म्हणाला.

हे त्याला बाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं हो! चाळीस वर्षं दुसरं केलं काय त्यानं? गाठ तशीही पसरली असती, स्वतःला बोल लावून घेऊ नका, असं बाई सांगत राहिल्या, पण ऐकायला तो जागेवर होता कुठे? आता शस्त्रक्रिया होणार नव्हती. बायको बाहेर बाकावर बसली होती. तिला त्यानं यातलं अक्षरही सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

घरी आल्यावर तिनंच आठवण केली, औषधाची वेळ झाली म्हणून. त्यानं चहा केला, त्यात काही न घालता तिच्या हातात दिला. चहा तांबूस होता, कपाचा तळ दिसत होता.

"अहो, आज रंग नाही चढला?"

"चढेल," तो म्हणाला.

ती कप हातात धरून वाट बघत बसली.