पातं अडकायलाच हवं!

आमच्या भाईंदरच्या गाळ्यात रोज झाडून काढलं तरी संध्याकाळी लोखंडाचा चुरा साचायचाच. किश्श्यांचंही तसंच. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. परदेशातल्या एका बंद पडलेल्या अणुभट्टीतले पाइप कापायचं मशीन आम्ही बनवत होतो. भट्टीत माणूस पाऊल टाकू शकत नाही, त्यामुळे सगळं काम लांबून, कॅमेऱ्यात बघून. मशीन पास झालं नाही, तर ऑर्डर रद्द आणि गाळ्याचं शटर कायमचं खाली!

*

जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "आप लोग बम बनाते हो क्या?"

"नाही हो, जुनी भट्टी तोडायचं मशीन."

"बस? उसके लिए इतना टाइम? हमारे बिल्डर को बोलो, एक जेसीबी भेजेगा!"

*

कॅमेऱ्यात बघून लिव्हर चालवायची सवय व्हावी म्हणून आम्ही लिव्हर आणि मशीनच्या मध्ये पडदा लावला होता. एकदा मालक शहाशेठ स्वतः बसले. टीव्हीकडे बघत त्यांनी पातं फिरवलं. "एकदम मख्खन!"

पडद्यामागे धाडकन आवाज झाला. पाइप जागेवर होता, टेबलाचा पाय गेला होता.

*

सरावात पातं रोज अडकायचं. अडकलं की फोरमन म्हात्रेभाऊ हातोडा घेऊन धावायचे. डिझाइन करणाऱ्या गोखले मॅडम ओरडायच्या, "म्हात्रे, तिथे माणूस जाऊ शकत नाही!"

म्हात्रेभाऊ थांबले. "मंग मशीन तरी कशाला पाठवायची? तिला घरचं कोन न्हाय?"

*

शेवटी मॅडमनी एक मुद्दाम कच्चा बोल्ट बसवला. पातं अडकलं की ओढायचं, बोल्ट तुटतो, पातं तिथेच राहतं आणि मशीन बाहेर येतं. शेठ वैतागले. "तुटणारा माल मी गिऱ्हाइकाला दाखवू?"

"शेठ, पातं आत राहिलं तर दुसरं पाठवू. मशीन राहिलं तर तुम्हाला पाठवावं लागेल!"



*

मग गिऱ्हाइकाचा परदेशी साहेब तपासणीला आला. म्हात्रेभाऊंनी सकाळीच मशीनला लिंबू-मिरची बांधली होती. मॅडमनी नुसतं नाक मुरडलं. त्यांना हिशोबाने सिद्ध न होणारं काहीच पटत नसे.

मशीननं पहिला पाइप सरळ कापला. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाला, "छान. आता अडकवून दाखवा. अडकलेलं मशीन बाहेर कसं येतं ते पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

एवढंच ना! मी बोथट पातं लावलं. कापलं. पाइप वाकडा धरला. कापला! जाड पाइप, गंजका पाइप, सगळे पाइप काकडीसारखे कापले गेले. रोज हटकून अडकणारं मशीन त्या दिवशी अडकायलाच तयार नाही. शेठचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबानं पेन खिशात ठेवलं. मला तर रडूच यायला लागलं होतं.

एवढ्यात मॅडम उठल्या. पडद्यामागे गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "चालू करा."

पातं पाइपात अर्ध्यावर गेलं आणि गच्च अडकलं. मी ओढलं. बोल्ट कट्कन तुटला, मशीन अलगद बाहेर आलं. साहेब खूश! सही करता करता त्यानं विचारलं, "काय बदललंत?"

पर्समधून डोकावणारं काहीतरी हिरवं खाली ढकलत मॅडम म्हणाल्या, "काही नाही. जादाचं वजन काढलं."