मेस्त्रीण आणि पेट्यांतली गाडी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलं ते हे. गुरुवारी दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजानंतर गाडीचे राहिलेले चार बोल्ट आवळले. सांगाडा ड्रमांवर चढवलेला होता. मी वरून पाना फिरवत होतो, ती खालून हात घालून नट धरून बसली होती. सातवा महिना लागला होता, तरी. शेवटचा बोल्ट बसल्यावर तिने बोटाच्या पेराने गाडीचं अंग ठोकलं, कान लावला आणि म्हणाली, "बसलं. चाकं उद्या." मग भात टाकायला गेली.

तिला सगळे मेस्त्रीण म्हणायचे. नाव होतं, पण मीही ते घेत नव्हतो. रत्नागिरीकडच्या एका खाडीवर तिचा बाप होड्या बांधायचा, म्हणून मेस्त्रीण. वस्तू ठोकून बघायची सवय तिकडचीच. कलिंगड ठोकायची, हंडा ठोकायची, नव्या घराचा खांब ठोकायची. लग्नानंतर आठवड्यात माझ्या पाठीवरही ठोकलं. "आतून पोकळ आहात," म्हणाली. खोटं नव्हतं.

माझं शिक्षण मराठी तिसरी. तेव्हा दुबईत एका कंपनीच्या यार्डात लॉऱ्यांखाली झोपून काम करायचो. बर दुबई भागात झावळ्यांचं घर होतं, पुढे वाळूचं अंगण. आमच्या गोऱ्या साहेबाने विलायतेहून एक गाडी मागवली होती. ती पेट्यांत सुटी येते, घरी बसून जोडायची. त्याच्या हातून एक पेटीही उघडली नाही आणि नोकरी संपली. "ले जाओ," मला म्हणाला. मी नको म्हणणार होतो. दिवसभर गाड्या, घरी परत गाडी, कोणाला हवी? घरी सांगितलं तर ती चूल सोडून उठली.

"बापाने मला वाकस हातात धरू दिला नाही कधी. म्हणे पोरीने तासलेली होडी बुडते. ही कुठे बुडते? आणा."

बाळंतपणाला ती आगबोटीने माहेरी जाणार होती. त्याआधी तिला गाडी चाकांवर उभी बघायची होती. इंजिन मागाहून बसवा, म्हणायची. "बापाला सांगायचंय, मी एक बांधली. अर्धी बांधली म्हणून नाही सांगणार. चाकांवर उभी राहिली की गाडी." एवढंच तिचं मागणं. सोनं मागितलं असतं तर बरं झालं असतं.

पेट्यांबरोबर इंग्रजी पुस्तक होतं. ते दोघांनाही वाचता येत नव्हतं. ती चित्रं बघायची आणि सामान चादरीवर मांडायची, लहान पुढे, मोठं मागे. सुरुवात कुठून करायची ते तिनेच ठरवलं. होडीचं आधी अंग उभं करतात, फळीला फळी जोडून. बरगड्या मागाहून आत घालतात. तसंच हे, म्हणाली. आम्ही फायबरचं अंग वाळूच्या गोण्यांवर ठेवलं, आत तळ बसवला, बाकं बसवली, दरवाजे लावले. तीन शुक्रवार गेले. चौथ्या शुक्रवारी लोखंडी सांगाडा आत घालायला गेलो. कसा जाणार?

साहेब निरोप घ्यायला आला होता. पोट धरून हसला. "तुम लोग उल्टा किया! पहले नीचे का, बाद में ऊपर का! ये नाव नहीं है!"

पडद्याआडून ती मला म्हणाली, "त्यांना विचारा, पेट्या किती उघडल्या होत्या त्यांनी?"

मी विचारलं नाही. साहेब गेल्यावर मी डोकं धरून बसलो. ती बाहेर आली, पाना उचलला आणि पहिला बोल्ट सोडवायला लागली. चिडली नाही, रडली नाही. "चुकलं तर काढायचं," म्हणाली. "त्यात बसून काय राहायचं?" मी उठलो ते लाजेने. आगबोटीला तेव्हा महिना राहिला होता.

आता दुबईतच अल मनखूलला पुतण्याकडे राहतो. त्याची पोरं विचारतात, "दादाजी, डिड इट रन?" मी म्हणतो, खलास, अभ्यास करा. सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागतं, आणि माझ्यात तेवढं त्राण नाही. म्हणून लिहितो.

त्या गुरुवारी रात्री तिला दुखायला लागलं. शेजारच्या खातूनभाभी आल्या, दवाखान्यात नेलं. पहाटे फजरच्या वेळी ती गेली. पोरही गेलं. जुम्म्याच्या नमाजानंतर दोघांना माती देऊन आलो. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खातूनभाभी दारात उभ्या राहिल्या. "भाई, बायका कुराण पढायला येतील. अंगणात बसायला जागा नाही. ही गाडी जरा बाजूला घ्याल?"

यार्डातले चौघे आलेच होते. "यल्ला, पकडो," म्हणत उचलायला वाकले.

"हात लावू नका," मी म्हणालो. "उचलायची नाही."

ते बाजूला झाले. मी जॅक लावला. पुढची दोन चाकं बसवली, मग मागची दोन. नट एकेक करून आवळले. ड्रम काढले, जॅक उतरवला. गाडी चाकांवर बसली. मागे जाऊन खांदा लावला. आधी वाळूत रुतली, मग सुटली. कुंपणापर्यंत एकट्याने ढकलत नेली. परत येऊन अंगण झाडलं आणि बायकांसाठी चटया टाकल्या.