परत केलेली कोंबडी

ती कोंबडी मी आनंदाने ठेवून घेतली होती, हे आधीच कबूल करते.

दिवाळी उरकली की आमचं गाव निम्मं रिकामं होतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयते ऊस तोडायला गेले की मागे म्हातारी माणसं, शेरडं आणि माझ्यासारखी गावची आशाताई. त्या वर्षी वरच्या गल्लीतली एक सूनही मागे राहिली. पाठ धरली, मोळी उचलवेना, म्हणून नवऱ्याने तिच्या जागी धाकट्या भावाला जोडीला नेलं. तिला दवाखान्यात दोनदा मीच घेऊन गेले होते.

एका सकाळी ती काखेत तांबडी कोंबडी घेऊन दारात उभी. "ताई, ही तुमी ठिवा. तुमी लई केलंय माज्यासाठी."

नको नको म्हणत मी कोंबडी डालग्याखाली झाकली. रश्श्याचा विचारही मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी लसीकरणाला त्या गल्लीत गेले, तर शेजारणीच्या दोरीवर तिची लग्नातली हिरवी साडी वाळत होती. "तिनंच दिली," शेजारीण म्हणाली. "म्हणली, मला आता काय करायचीय."

माणूस जीव लावलेल्या वस्तू वाटायला लागलं तर जवळ बसायचं आणि सरळ विचारायचं, असं तालुक्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं. आणि कोंबडी ठेवून घेतली होती. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

घरी जाऊन कोंबडी उचलली आणि तशीच तिच्याकडे गेले. ओट्यावर तिचे चुलत सासरे बसले होते. ती अंगणात. मी तिच्याशेजारी खाली बसले. "मरावं असं मनात येतं का गं तुझ्या?"

ती काही बोलायच्या आत सासरेच बोलले, "असलं अभद्र कावून बोलती? तिच्या डोस्क्यात नसलं तर तूच भरशील."

मीही या गावची सूनच. त्यांच्यासमोर इतकी वर्षं पदर सावरून, मान खाली घालून वावरले. त्या दिवशी पदर घसरला तो घसरू दिला. "मामा, इचारल्यानं कुणी मरत न्हाई. तुमी जरा पारावर जाऊन बसा." ते तणतणत गेले. संध्याकाळपर्यंत गावात माझा उद्धार झाला. होऊ दे.

मामा दिसेनासे झाल्यावर ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "येतं, ताई. रोज येतं. कोयत्यातून गेले, मंग मी हाय कशाला?"

मी कोंबडी तिच्या मांडीवर ठेवली. "ही तुझी तू सांभाळ. मी रोज हिला बघायला येणार." त्या दिवसापासून शेजारीण तिच्याकडे झोपायला जाऊ लागली, साडीही परत करून आली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. नवऱ्याला फोनवर मी चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हापासून त्याचा रोज फोन येऊ लागला. बायका आळीपाळीने तिच्या अंगणात निवडण-टिपण घेऊन बसायच्या. गोळ्या चालू होत्या, तरी काही दिवस फार वाईट गेले. ती टिकली. मी मात्र मागे राहिलेल्या प्रत्येक बाईला तो प्रश्न विचारत सुटले. काहींनी मला दारातूनच परत पाठवलं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

पुढच्या वर्षी माझी लेक सासरी गेली आणि घर मला खायला उठलं. दोन बैठका चुकवल्या. कामाची वहीसुद्धा शेजारच्या गावच्या आशाताईला देऊन टाकली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी वरच्या गल्लीतली ती सून आली. माझ्या सतरंजीशेजारी खाली बसली आणि म्हणाली, "ताई, मरावं असं मनात येतं का तुमच्या?"

मी भडकले. "मला इचारतीस?"

"इचारल्यानं कुणी मरत न्हाई," ती म्हणाली. "तुमीच म्हणला होता."

मला ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सतरंजीवर तिला जागा करून दिली आणि हो म्हणाले.