स्कार्फची गाठ

सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या मुलीकडून सनस्क्रीनचा वास आला आणि मला पुन्हा मृणालचा राग आला. इतक्या वर्षांनी!

ल्युपस हा आजार मेंदूवर काय परिणाम करतो, यावर आम्ही दोघी संशोधन करत होतो. एका दुपारी ल्युपस झालेल्या एक शिक्षिका आल्या होत्या, तोंडाला घट्ट स्कार्फ बांधून. ल्युपसमध्ये ऊन बाधतं, गालांवर लाल चट्टे येतात. पण पुण्यात स्कूटरवरची प्रत्येकच बाई स्कार्फवाली, कुणाला काय कळणार? मी तासभर स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या. बाईंनी सगळी उत्तरं बरोबर दिली, स्कार्फ मात्र सोडला नाही.

तेवढ्यात मृणाल आत आली. स्वतःचा स्कार्फ सोडत म्हणाली, "काय हो हे ऊन! सकाळी आमटीत दोनदा मीठ घातलं मी."

बाई हसल्या. त्यांनीही गाठ सोडली, खोलीभर सनस्क्रीनचा वास पसरला. "माझं रोजचंच आहे. परवा तर शाळेतून घरी जायचा रस्ताच आठवेना."

हे मला का नाही सांगितलं? माझा नुसता जळफळाट झाला.

आता माझ्यासमोरही पेशंट स्कार्फ सोडतात. तरी मी आधी मागे वळून बघते, दारात मृणाल तर उभी नाही ना.